मनमाडच्या फलाटावर डिझेल इंजिनं ओळखताना

नाशिक रोडला तासभर उभं राहिलात तर विजेची इंजिनं एकामागून एक जातील, डिझेल दिसलं तर नशीब. मुंबई–भुसावळ मार्ग सगळा विजेवर चालतो. डिझेल ओळखायला शिकायचं तर रेल्वेने ७३ किलोमीटरवरचं मनमाड गाठावं. तिथून एक फाटा येवला, कोपरगावमार्गे दौंडकडे जातो, दुसरा नगरसूलमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे. शेजारी पानेवाडीचे इंधन डेपो आहेत, गावात धान्याची मोठी कोठारं आहेत, म्हणजे मालाची ये-जा आलीच. वर तारा आल्यापासून तिथेही डिझेल रोडावलंय, तरी जिल्ह्यात याहून बरी जागा नाही.

नवखा माणूस आधी रंग बघतो आणि तिथेच फसतो. रंग शेड ठरवते, म्हणजे इंजिन जिथे ठेवतात आणि राखतात ते ठिकाण. एकाच मॉडेलची दोन इंजिनं दोन शेडची असली तर एक निळं आणि एक केशरी निघू शकतं. इंजिनाची बदली झाली, मोठी दुरुस्ती झाली की रंगही बदलतो. समोरचा चेहराही फारसा भरवशाचा नाही, कारण एका कुटुंबातल्या भावंडांचे चेहरे जवळपास सारखेच असतात. खरा फरक दिसतो तो मागच्या टोकाला आणि खाली चाकांपाशी. त्यामुळे नजर याच क्रमाने फिरवायची सवय लावा: आधी रेडिएटरचं टोक, मग कॅब (लोको पायलटची खोली) किती, मग बोगी (इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा), आणि सगळ्यात शेवटी नंबर. नंबर आधी वाचलात तर उत्तर मिळेल, पण नजर तयार होणार नाही.

नाव कसं वाचायचं

कॅबच्या बाजूला नंबरजवळ मॉडेलचं नाव रंगवलेलं असतं, उदाहरणार्थ डब्ल्यूडीएम-३ए. यातला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल. तिसरं अक्षर काम सांगतं: एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही, पी म्हणजे प्रवासी, जी म्हणजे मालगाडी, एस म्हणजे शंटिंग (यार्डात डबे इकडून तिकडे हलवणं). पुढचा आकडा हजार अश्वशक्तीचा आणि शेवटचं अक्षर शेकड्याचं. ए म्हणजे १००, बी म्हणजे २००, असं. म्हणून ३ए म्हणजे ३१०० अश्वशक्ती.

नियम छान आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. डब्ल्यूडीएम-२ हे नाव या पद्धतीच्या आधीचं. त्याची ताकद २६००. डब्ल्यूडीएम-३डी नियमाने ३४०० असायला हवं, प्रत्यक्षात ३३०० आहे. डब्ल्यूडीपी-४बी ४५०० चं आहे. डब्ल्यूडीपी-४डी मधला डी तर दोन कॅब असल्याची खूण आहे, त्याचा अश्वशक्तीशी संबंध नाही. पुढे सोयीसाठी सुरुवातीचं 'डब्ल्यूडी' गाळून नुसतं एम-२, जी-३ए, पी-४डी असं लिहितो.

पायरी १: ॲल्को की ईएमडी

ब्रॉडगेजवरची बहुतेक डिझेल इंजिनं या दोनपैकी एका घराण्यातली असतात. ॲल्को हे एका अमेरिकन कंपनीच्या नावाचं जुनं घराणं: एम-२ पहिल्यांदा १९६२ मध्ये अमेरिकेतून आलं आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागलं. (हा कारखाना पूर्वी डीएलडब्ल्यू, म्हणजे डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स होता, २०२० पासून बीएलडब्ल्यू, म्हणजे बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स. इंजिनावरच्या जुन्या पाटीवर पहिलंच नाव दिसेल.) ईएमडी हे जनरल मोटर्सच्या आराखड्यावरचं, १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं घराणं.

दोन्हींचा सांगाडा एकाच पद्धतीचा: अरुंद हूड (आतल्या यंत्रावरचं लांबट आवरण), हूडच्या दोन्ही बाजूंनी चालायला कठड्याची वाट आणि एका टोकाजवळ कॅब. कॅबच्या ज्या बाजूला इंजिनाचा मोठा भाग असतो तो लाँग हूड, दुसऱ्या बाजूचा तुकडा शॉर्ट हूड. आता लाँग हूडचं शेवटचं टोक बघा.

ॲल्कोमध्ये ते टोक सरळ असतं. हूडच्या भिंती खालून वरपर्यंत एका रेषेत जातात, बाजूला रेडिएटरच्या झडपा दिसतात. पादचारी पुलावर असाल तर छतावर या टोकाला एकच मोठा गोल पंखा दिसेल. ईएमडीमध्ये रेडिएटरचा भाग वरच्या बाजूला दोन्हीकडे पसरट होत बाहेर येतो, हूडला खांदे फुटल्यासारखा. छतावर पंखेही एकाहून जास्त. फलाटाच्या टोकाला उभं राहून तिरक्या कोनातून बघितलं तर हे खांदे लांबूनही कळतात. गाडी अंगावरून जात असताना अगदी काटकोनात बघितलं तर मात्र दिसत नाहीत. नवख्यांची पहिली चूक इथेच होते: फलाटाच्या मध्यावर उभं राहायचं आणि इंजिन समोर आलं की बघायचं. इंजिन येताना आणि गेल्यावर, दोन्ही वेळा तिरकं बघा.

पुढच्या बाजूने आणखी एक खूण. ॲल्कोचा शॉर्ट हूड साधारण कॅबइतकाच उंच आणि अरुंद असतो, त्यामुळे कॅबच्या काचा त्याच्या दोन बाजूंना असतात. एक कॅबच्या ईएमडीमध्ये कॅब जवळपास टोकालाच, पूर्ण रुंदीची, पुढे आखूड नाक.

कान वापरायलाही शिका. ॲल्कोचं २५१ इंजिन चार स्ट्रोकचं आहे. उभं असताना धडधड वेगळी ऐकू येते, ठोके मोजता येतील असं वाटतं. ईएमडीचं ७१० इंजिन दोन स्ट्रोकचं, त्याचा सूर सलग घुमतो आणि वर टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याची, शीळ असते. धुराचंही तसंच. गाडी सुटताना ॲल्को काळ्या धुराचा लोट सोडतं, कारण लोको पायलटने नॉच (ताकदीची पायरी) वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, पण टर्बो निकासाच्या वायूवर फिरत असल्यामुळे त्याला वेग घ्यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ हवा कमी पडते. ईएमडीमध्ये कमी वेगाला टर्बो गिअरने इंजिनाकडूनच फिरवला जातो, म्हणून ती खोट बरीच कमी. तरीही धुरावर एकट्यावर निकाल देऊ नका. नीट राखलेलं ॲल्को कमी धूर सोडतं आणि झिजलेलं ईएमडी जास्त.

पायरी २: ॲल्कोची भावंडं

इथे खरी कसोटी आहे. एम-२, एम-३ए, एम-३डी आणि जी-३ए, चौघांच्या आत सोळा सिलिंडरचं तेच २५१ इंजिन, वर तोच हूड. लांबून चारही सारखीच. म्हणून खाली बघायचं. इथे बोगी म्हणजे प्रवासी डबा नव्हे, तर इंजिनाच्या खालचा तीन आसांचा, सहा चाकांचा सांगाडा.

एम-२ आणि एम-३ए खाली जुनी ट्रायमाउंट बोगी असते. हिच्या तीन चाकांमधली दोन अंतरं सारखी नसतात: एक जोडी जवळ, तिसरं चाक जरा दूर. स्प्रिंगा चाकांच्या मधल्या जागेत, खालून जाणाऱ्या आडव्या पट्टीवर बसलेल्या दिसतात. एकूण बोगी ओतीव, जडशीळ वाटते.

जी-३ए आणि एम-३डी खाली हाय-ॲडहेजन बोगी असते. ही पोलादी पत्रे जोडून केलेली, रेषा सरळ आणि कोरीव. प्रत्येक आसाच्या पेटीपाशी उभ्या स्प्रिंगा स्वतंत्रपणे दिसतात. या बोगीत तिन्ही मोटरी एकाच दिशेने बसवलेल्या असतात. त्यामुळे ओढताना वजन चाकांवर जास्त सारखं राहतं, चाक घसरणं कमी होतं. जी-३ए मालासाठी बनलं, वजनही १२३ टन. एम-२ होतं ११२.८ टन. जड इंजिन रुळाला जास्त धरून ठेवतं, मालगाडी सुटताना तेच हवं.

फोटोवरून ठरवत असाल तर सोपी युक्ती: कागदाची पट्टी स्क्रीनवर धरून पहिल्या आणि दुसऱ्या चाकाच्या मध्यबिंदूंवर खुणा करा, मग तीच पट्टी दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकावर सरकवा. फरक पडला तर ट्रायमाउंटची शक्यता मोठी. मग स्प्रिंगा कुठे आहेत ते बघून पक्कं करा. फोटो तिरका असेल तर दृष्टिकोनामुळे दूरचं अंतर आपोआप कमी दिसतं, तेव्हा ही मोजणी बाजूने काढलेल्या फोटोवरच करा.

बोगीने चारांचे दोन-दोन गट पाडले. आता गटाच्या आत.

एम-२ आणि एम-३ए मध्ये बाहेरून हमखास फरक सांगणारी एकच खूण नाही, कारण बरीच एम-३ए इंजिनं म्हणजे पटियाळ्याच्या कारखान्यात नव्याने बांधलेली जुनी एम-२ च आहेत. अशा इंजिनाच्या नंबरानंतर आर हे अक्षर असतं, उदाहरणार्थ १८ हजारांच्या मालिकेतला नंबर आणि पुढे आर. आर दिसला की पुनर्बांधणी झालेलं इंजिन. एम-२ चे नंबर १६, १७ आणि १८ हजारांत. नव्याने बनलेल्या एम-३ए चे १४ हजारांतही आहेत. शुद्ध एम-२ आता जवळपास इतिहासजमा झालंय. त्यातलंही 'जंबो', म्हणजे ठेंगणा शॉर्ट हूड आणि मोठ्या काचांचं, १७७ ने सुरू होणारं, कुठे दिसलं तर फोटो घ्यायला विसरू नका.

एम-३डी आणि जी-३ए मध्ये गोंधळ जास्त होतो. दोघांची बोगी एकाच जातीची. उशिरा बनलेल्या ॲल्को इंजिनांत शॉर्ट हूडच्या माथ्यावर जाळीदार पेटीचा उंचवटा असतो. ती डायनॅमिक ब्रेकची. उतारावर मोटरी जनित्रासारख्या चालवून गाडी आवरतात आणि तयार झालेली वीज या पेटीतल्या रोधांमध्ये उष्णता करून उडवतात. एम-३डी वर हा उंचवटा ठसठशीत दिसतो, पण तो दिसला म्हणून एम-३डी असं धरू नका. इथे नंबर हाच शेवटचा निवाडा: ११ हजारांत असेल तर एम-३डी, १३ हजारांत असेल तर जी-३ए. १४ हजारांची मालिका मात्र वाटून घेतलेली आहे, तिथे एम-३ए ही आहे आणि जी-३ए ही. १४ ने सुरू होणारा नंबर दिसला की परत बोगीकडे जा. नंबर शेवटी वाचायचा आणि बोगी आधी बघायची, याचा उपयोग इथे होतो.

आणि गाडी काय ओढतेय त्यावरून ठरवू नका. प्रवासी गाडीला जी-३ए आणि मालगाडीला एम-३डी लागलेली सर्रास दिसते. शेडकडे त्या वेळी जे हाताशी असेल ते लागतं.

पायरी ३: ईएमडीची भावंडं

पहिला प्रश्न: कॅब किती? एक असेल तर जी-४, पी-४ किंवा पी-४बी. दोन असतील तर जी-४डी किंवा पी-४डी. एक कॅबच्या इंजिनात लाँग हूड पुढे ठेवून चालवताना लोको पायलटला समोरचं नीट दिसत नाही, ती अडचण काढायला दुसऱ्या टोकालाही कॅब दिली.

दोन कॅबचं इंजिन पाहून नाशिककर हमखास विजेचं समजतात, कारण रोज दिसणाऱ्या विजेच्या डब्ल्यूएपी-७ लाही दोन कॅब. छतावर पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारा सांगाडा) नाही ना ते बघा. छत दिसलं नाही तर बाजू बघा: पी-४डी च्या दोन कॅबच्या मधला भाग अरुंद हूडच आहे, बाजूने कठडा आणि चालायची वाट आहे. विजेच्या इंजिनाची बाजू टोकापासून टोकापर्यंत सपाट भिंत असते.

जी-४ आणि पी-४ मध्ये बाहेरून फारच थोडा फरक. गिअरचं प्रमाण वेगळं आहे, जी-४ चं ९०:१७ आणि पी-४ चं ७७:१७, म्हणजे एक ओढायला आणि दुसरं पळायला. पण ते डोळ्याला दिसत नाही. मूळ पी-४ मध्ये प्रत्येक बोगीच्या तीन आसांपैकी आतल्या बाजूच्या, म्हणजे इंधनटाकीकडच्या आसाला मोटरच नाही. पी-४बी मध्ये सहाही आसांना मोटर आहे. इंजिन उभं असेल आणि उन्हं खाली असतील तर चाकांच्या मधून मोटरीची पेटी आहे की मोकळी जागा ते कधीकधी दिसतं. चालत्या गाडीत विसरा.

म्हणून इथे नंबरवर जास्त विसंबावं लागतं. जी-४ १२ हजारांपासून सुरू झालं, ती मालिका भरल्यावर ७० हजारांत गेलं; दोन कॅबचं जी-४डी ही यांतच. पी-४ २० हजारांत. पी-४बी आणि पी-४डी ४० हजारांत. थोडक्यात, १२ किंवा ७० म्हणजे माल, २० किंवा ४० म्हणजे प्रवासी, मग कॅब मोजा.

बाकीचे दोघे

खांदे तर आहेत पण मागचा रेडिएटर फारच जाडजूड, कॅब चौकोनी, आणि नंबर ४९ हजारांत: हे जी-४जी, बिहारमधल्या मढौरा कारखान्याचं, जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीच्या आराखड्यावरचं, बारा सिलिंडरचं. याची मोठी शेड उत्तर प्रदेशातल्या रोझाला आणि गुजरातमधल्या गांधीधामला आहेत, त्यामुळे आपल्याकडे दिसलं तर मालगाडीबरोबर लांबून आलेलं.

यार्डात ठेंगणं, लांबट हूडचं, एका टोकाला कॅब असलेलं इंजिन वाघिणी इकडून तिकडे ढकलताना दिसलं तर ते बहुधा एस-६. १४०० अश्वशक्ती, सहा सिलिंडर, नंबर ३६ हजारांत. छोटं म्हणून चार आसांचं समजू नका, खाली तीन-तीन आसांच्या दोन बोगी आहेत.

एक उदाहरण, पहिल्या नजरेपासून शेवटपर्यंत

समजा दौंडच्या बाजूने मालगाडी मनमाडला येतेय. समोर उभा, अरुंद हूड आहे, काचा लांब मागे. म्हणजे लाँग हूड पुढे आहे आणि रेडिएटरचं टोक तुमच्याकडे. भिंती सरळ, खांदे नाहीत: ॲल्को. इंजिन जवळ आलं, तोपर्यंत चेहरा सोडून द्या आणि नजर पुढच्या बोगीवर ठेवा. प्रत्येक आसाच्या पेटीपाशी स्प्रिंगा: हाय-ॲडहेजन. म्हणजे एम-२, एम-३ए बाद. कॅब समोरून जाताना नंबर वाचा: १३ ने सुरू. जी-३ए. तेवढ्यात कॅबवरचं शेडचं नाव दिसलं तर तेही टिपा; पुणे किंवा कल्याण आपल्याकडचं, दुसरं काही असेल तर इंजिन लांबून आलंय.

जोडीने लागलेली इंजिनं असतील तर दोन्ही वेगवेगळी बघा. पहिलं जी-३ए म्हणून मागचंही तेच असेल असं नाही. मागचं इंजिन बंद करून नुसतं ओढून नेत असतील तर आवाज आणि धुराची खूण त्याला लागू पडत नाही.

कुठे उभं राहायचं, कशाला जपायचं

फलाट तिकीट १० रुपयांचं, दोन तास चालतं. सकाळी किंवा संध्याकाळी जा. भर दुपारी ऊन डोक्यावर असतं, हूडच्या सावलीत बोगी काळी ठिक्कर पडते आणि स्प्रिंगा दिसत नाहीत. उन्हं तिरकी असली की चाकांपर्यंत उजेड पोचतो. मोबाइलवर फोटो काढताना बोगीवर बोट ठेवून प्रकाश वाढवा, रंग फटफटीत झाला तरी चालेल. चालत्या गाडीचा फोटो काढण्यापेक्षा व्हिडिओ घ्या आणि घरी थांबवून बघा. छतावरचे पंखे बघायला पादचारी पूल उत्तम, पण तिथून सेल्फी स्टिक, छत्री किंवा ट्रायपॉड बाहेर काढायचा नाही. खालच्या तारांमध्ये २५,००० व्होल्ट असतात आणि धक्का बसायला तारेला हात लागायची गरज नसते. पिवळ्या रेषेच्या आत राहा. रुळात उतरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड.

वहीत प्रत्येक इंजिनासाठी एक ओळ पुरते: तारीख, वेळ, ठिकाण, कुठल्या बाजूने आलं, पुढे कुठला हूड, रेडिएटर सरळ की खांद्यांचा, कॅब एक की दोन, बोगी कुठली, मग नंबर, शेवटी शेड. नंबरच्या आधीचे रकाने इंजिन समोर असतानाच भरा. जे दिसलं नाही तो रकाना कोरा ठेवा, नंबरवरून मागाहून भरू नका. रंगासाठी रकाना ठेवायचा असेल तर अगदी शेवटी ठेवा.